घरात दोनच मुलं, तरी जिल्हा वाढतोच कसा?

१ मार्च २०२७ ही येत्या जनगणनेची संदर्भ तारीख. त्या मध्यरात्री देशात किती माणसं होती, हे नंतर जाहीर होईल. आधीची मोजणी २०११ची, म्हणजे मध्ये सोळा वर्षं गेली. बेळगाव जिल्ह्यात २००१ साली ४२ लाख १४ हजार माणसं होती, २०११ला ती ४७ लाख ८० हजारांच्या घरात गेली. नवा आकडा याहून मोठा निघाला की चहाच्या टपरीवर एकजण म्हणेल, ‘बघा, इतकी वर्षं कुटुंब नियोजनाचे फलक रंगवले, उपयोग काय झाला?’ शेजारचा म्हणेल, ‘अहो, घरोघरी दोनच पोरं. पहिलीचा वर्ग भरत नाही. वाढ कुठं दिसली तुम्हाला?’ गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतील.

हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, ते आधी पाहू. ते कळलं की सीमाभागातल्या गावांत लोकसंख्येबद्दल वर्षभर नेमकं काय बोलायला हवं, याचं उत्तर आपोआप हाती येतं. ते उत्तर ‘मुलं कमी जन्माला घाला’ हे नाही. ते काम बहुतेक झालेलं आहे.

### राकसकोपची पातळी

बेळगाव शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी फक्त पावसावर ठरत नाही. वरून येणारं पाणी किती, उपसा किती, सांडव्यावरून जातं किती, या सगळ्याचा हिशेब पातळीत दिसतो. पाऊस कमी झाला, पण उपसा त्याहून कमी झाला, तर पातळी वाढलेलीच दिसेल.

लोकसंख्येचं तसंच. जन्म आणि बाहेरून येणारे लोक ही आवक. मृत्यू आणि बाहेर जाणारे ही जावक. पूर्वी साठीत जाणारी माणसं आज पंचाहत्तरी पाहतात, म्हणजे जावक मंदावली. खानापूर तालुक्यातला तरुण गोव्याला किंवा पुण्याला गेला की इथला आकडा घटतो, बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात कामाला आलेला माणूस तो वाढवतो. त्यामुळे जिल्ह्याचा एकूण आकडा पाहून ‘लोकांना मुलं जास्त होतात’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे पातळी पाहून पावसाचा अंदाज बांधणं.

पाऊस मोजायचं माप वेगळं असतं. एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात, या मापाला ‘एकूण जननदर’ म्हणतात. तो २.१ असला की एक पिढी आपल्याएवढीच पुढची पिढी मागे ठेवते. आईबापांच्या जागी दोन मुलं आली, मग वरचा ०.१ कशाला? मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात आणि काही मुली आई होण्याच्या वयापर्यंत पोचत नाहीत, त्याची ती भरपाई.

१९५०च्या दशकात भारताचा जननदर सहाच्या आसपास होता. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो २.० निघाला. कर्नाटकाचा १.७. महाराष्ट्राचाही १.७. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना पाऊस कधीच ओसरलाय.

### दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर

मग वाढ थांबत का नाही? गळीत हंगामात संकेश्वरच्या रस्त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उतारावर असताना ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, तर तो जागच्या जागी उभा राहत नाही. मागचं ओझं ढकलत राहतं. लोकसंख्येच्या मागचं ओझं म्हणजे आधीच जन्मलेली तरुण माणसं. या ढकलण्याला आपण ‘रेटा’ म्हणू.

हजार वस्तीचं एक गाव कल्पनेत घ्या. तिशीच्या आतले ५५०, तीस ते साठमधले ३३०, साठीच्या पुढचे १२०. आजपासून प्रत्येक जोडप्यानं जेमतेम आपल्यापुरतीच मुलं जन्माला घातली, एकही जास्त नाही. तीस वर्षांनी काय दिसेल? आजच्या ५५० तरुणांनी आपल्याइतकीच म्हणजे ५५० मुलं मागे आणली. ते स्वतः ५५० मधल्या गटात सरकले. ३३० जण साठी ओलांडून गेले, त्यांतले समजा दोनशे हयात. बेरीज १३००. आणखी तीस वर्षांनी ५५०, ५५० आणि वर हयात म्हातारे ३३०, म्हणजे १४३०. त्यानंतर आकडा स्थिर. एकाही घरात जादा मूल झालं नाही, तरी गाव दीडपटीच्या जवळ गेलं.

भारताची लोकसंख्या २०६०च्या दशकात सुमारे १७० कोटींवर जाऊन मग उतरू लागेल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्यामागे बव्हंशी हाच रेटा आहे. जी बाई तेव्हा आजी असेल ती आज अंगणवाडीत आहे. तिला कुणी ‘जास्त झालीस’ म्हणू शकत नाही.

### पणजी असलेलं घर

रेट्याला काहीच करता येत नाही का? येतं, आणि इथेच बहुतेक भाषणं चुकतात. ती ‘किती’वर अडून राहतात, ‘कधी’बद्दल बोलतच नाहीत.

दोन घरं घ्या. दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या दोनच मुलं, दोन्हीकडे माणसं पंचाहत्तर वर्षं जगतात. पहिल्या घरात आई होण्याचं वय वीस, दुसऱ्यात पंचवीस. पहिल्या घरात बाळ, विशीतली आई, चाळिशीची आजी, साठीची पणजी, सगळी एकाच वेळी हयात. सरासरी काढली तर पावणेचार पिढ्या एका छपराखाली. दुसऱ्या घरात तीन. दुसऱ्या घरासारख्यांचं गाव हजार वस्तीचं असेल, तर पहिल्यासारख्यांचं साडेबाराशेचं होईल, आणि दर जोडप्याला मुलं मात्र तेवढीच, दोन.

आता आपल्याकडे पाहा. २०१९-२१च्या त्याच पाहणीत कर्नाटकातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.३ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, महाराष्ट्रात २१.९ टक्के. दक्षिणेकडची ठरलेली वाट अशी: लवकर लग्न, लागोपाठ दोन बाळंतपणं, आणि पंचविशीच्या आसपास ‘ऑपरेशन’. मुलं दोनच झाली, सरकारी तक्त्यात बाई ‘यशस्वी’ ठरली, पण पिढी वीस वर्षांत उलटली. शिवाय कोवळ्या वयातलं पहिलं बाळंतपण, रक्त कमी असताना लगेच राहिलेला दुसरा गर्भ, कमी वजनाचं बाळ. हा खर्च कोणत्याच तक्त्यात येत नाही.

म्हणून वर्षभराच्या प्रबोधनाचा विषय तीन गोष्टींपुरता ठेवला तरी पुरे: पहिलं मूल कधी, दोन मुलांत अंतर किती, आणि थांबायचं ठरल्यावर ऑपरेशन कुणी करून घ्यायचं.

### फेरी जुलैत, काम बाकीचे अकरा महिने

११ जुलै हा जागतिक लोकसंख्या दिन. १९८७ साली त्या सुमाराला जगाची लोकसंख्या ५०० कोटी झाली, म्हणून ती तारीख. (आठशे कोटींचा टप्पा १५ नोव्हेंबर २०२२ला ओलांडला.) या दिवशी शाळेची पोरं प्रभात फेरी काढतात. घोषणा देणारी सातवीतली, ऐकणारी म्हातारी माणसं ओट्यावर. ज्यांनी निर्णय घ्यायचा ते नवरे कामावर आणि सुना लावणीच्या चिखलात. फेरी काढू नये असं नाही, पण तिला काम समजू नये.

जुलैत करायचं खरं काम म्हणजे गावाचा हिशेब. आशाताईंच्या वहीत पात्र जोडप्यांची, म्हणजे मूल होऊ शकण्याच्या वयातल्या जोडप्यांची नोंद असते. त्यावरून चार संख्या काढायच्या, नावं नकोत: वर्षभरात लग्न झालेली जोडपी किती, दोन वर्षांच्या आतलं मूल असलेली घरं किती, दोन मुलं होऊन थांबलेली किती, आणि त्यांतल्या किती घरांत ऑपरेशन नवऱ्यानं केलंय. चौथा आकडा बहुधा शून्य येतो. देशभरात विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांत बाईचं ऑपरेशन झालेलं, पुरुषाचं ०.३ टक्क्यांत.

गणपतीत मुंबई-पुणे-गोव्याची पोरं घरी येतात. नवरा-बायको दोघं एकत्र भेटण्याचे हे वर्षातले मोजके दिवस. पण साधनाची गोष्ट त्याच्या आधी व्हायला हवी. नवरा बाहेरगावी असलेली बाई म्हणते, ‘मला कशाला गोळी?’ आणि सणात चार दिवस तो आला की दिवस राहतात. बैल गेला नि झोपा केला. ‘छाया’ ही सरकारी दवाखान्यातली विनाहार्मोन गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची असते; पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, नंतर आठवड्यातून एकदा. म्हणजे विचार आषाढातच करायला हवा. नाहीतर निरोध, तो मात्र घरात आधी आणून ठेवलेला असावा.

‘अंतरा’ हे तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन. हे बऱ्याचदा पहिल्या डोसनंतर सुटतं, आणि बहुधा कारण एकच असतं: पाळी अनियमित होते किंवा थांबते, हे आधी सांगितलेलं नसतं. बाईला वाटतं काहीतरी बिघडलं, सासूला वाटतं दिवस गेले. आधी सांगितलं तर बऱ्याच जणी टिकतात. इंजेक्शन टोचलेली जागा चोळायची नाही. आणि शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हेही सांगायचं. नाहीतर ‘वांझ केलं’ ही अफवा उठायला तेवढा उशीर पुरतो.

बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते. तो वेळ चुकला तर सहा आठवडे थांबावं लागतं, आणि सहा आठवड्यांनी दवाखान्यात परत कोण येतं? म्हणून बोलणं कळा सुरू झाल्यावर नव्हे, सातव्या महिन्यात, तायी कार्डावरच्या (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणाऱ्या नोंदीच्या कार्डावरच्या) तपासणीच्या दिवशी व्हायचं. ३८०ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते, पण हवी तेव्हा काढता येते. दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर ठेवायला हे सर्वांत कमी कटकटीचं साधन.

### पुरुष नसबंदी आणि उसाचा हंगाम

आरोग्य खात्याचा पुरुष नसबंदी पंधरवडा नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरच्या सुरुवातीला संपतो. नेमका तेव्हा निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी भागात ऊसतोड ऐन जोरात. या शस्त्रक्रियेनंतर ४८ तास विश्रांती आणि आठवडाभर जड ओझं नको. उसाची मोळी डोक्यावर असलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे न येण्याचं निमित्त हातात देणं. पंधरवड्यात माहिती द्यावी, पण नावनोंदणी कारखान्यांची धुराडी थंडावल्यावरची करावी.

शस्त्रक्रिया छोटी आहे. जागा बधिर करून एका बारीक छिद्रातून दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या बंद करतात. टाका नाही, वेळ दहा-पंधरा मिनिटं, माणूस त्याच दिवशी घरी. वृषण जागेवर असतात, पुरुषी हार्मोन रक्तात आधीसारखंच उतरतं. ताकद, इच्छा, दाढी-मिशी यांचा त्या नळ्यांशी संबंध नाही. बैल खच्ची करण्याशी याची तुलना होते ती चुकीची आहे, कारण तिथे वृषणच निकामी करतात.

खरी चूक इथून पुढे होते. नसबंदी त्याच दिवशी लागू होत नाही. नळीत पुढे गेलेले शुक्रजंतू संपायला तीन महिने लागतात. तोपर्यंत दुसरं साधन वापरायचं आणि तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करून दाखला घ्यायचा. हे न सांगता माणसाला घरी पाठवलं आणि दुसऱ्या महिन्यात बायकोला दिवस गेले, तर त्या घरात काय होतं ते सांगायला नको. संशय तिच्यावर, शिवी ऑपरेशनला, आणि त्या गावात पुढची दहा वर्षं कुणी नाव काढत नाही. तीन महिन्यांनंतरची तारीख कागदावर लिहून हातात देणं, हा या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग.

### अक्षय्य तृतीया म्हणजे उशीर झाला

अक्षय्य तृतीया आणि बसव जयंती एकाच दिवशी येतात. सामूहिक विवाहांचे मांडव त्या सुमाराला पडतात. तेव्हा पोलिसांना फोन करून लग्न थांबवणं शक्य असतं, पण तोवर पत्रिका छापलेल्या असतात, आचारी ठरलेला असतो आणि मुलीची बदनामी ठरलेली असते. काम फेब्रुवारीत करायचं. दहावीनंतर कॉलेजात न गेलेल्या मुली कोणत्या, हे शाळेच्या आणि अंगणवाडीच्या नोंदींवरून कळतं. लग्न ठरण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त.

इथे सीमेमुळे एक गोष्ट बदलते. मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस ही मर्यादा देशभर एकच. पण कर्नाटकानं केंद्राच्या २००६च्या कायद्यात दुरुस्ती करून बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवला आहे. महाराष्ट्रात असा विवाह आपोआप रद्द होत नाही, मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत कोर्टात जावं लागतं. म्हणून पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या सोयरिकीतला ‘आमच्याकडे चालतं’ हा शब्द इथे धरून चालू नये. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ती आईवडिलांपुरती नाही, लग्न लावणाऱ्याला आणि घडवून आणणाऱ्यालाही आहे. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८.

भाषेचंही एक सांगायला हवं. खात्याची पत्रकं कन्नडमध्ये येतात आणि घरातली चर्चा मराठीत होते. सून दोन्ही वाचते, सासू एकच. पलीकडून मराठी पत्रकं आणून वाटणं सोपं, साधनांची माहिती सारखीच असते; पण मोबदल्याच्या रकमा आणि योजनांची नावं राज्याराज्यांत वेगळी. तो भाग कापून टाकावा. नाहीतर माणूस छापलेली रक्कम मागतो, ती मिळत नाही, आणि मग साधनही खोटं ठरतं.

### ‘कायदाच करा ना दोन मुलांचा’

कायदा करून पाहिलेला आहे, आणि तोही शेजारीच. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद लढवता येत नाही. कर्नाटकात अशी अट नाही. जननदर दोन्हीकडे १.७. नियमामुळे काही बदलल्याचं या आकड्यात तरी दिसत नाही. मुलगा हवाच आणि मुलं दोनच, या दोन हट्टांच्या मध्ये कोण चिरडतं हे मात्र मार्च २०१७मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला दिसलं. तिथे गर्भपात करून पुरलेली १९ अर्भकं सापडली. म्हैसाळ सीमेला लागून आहे. म्हणून ‘छोटं कुटुंब’ म्हणताना ‘मुलगी चालेल’ हे त्याच वाक्यात यायला हवं, वेगळ्या कार्यक्रमात नको.

सक्तीचा धडा त्याहून जुना. १९७६-७७च्या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांत पुरुष जास्त. त्या वर्षाची भीती लोकांच्या मनात इतकी बसली की पुरुष या विषयातून बाजूलाच झाले आणि पुढचं सगळं ओझं बायकांवर आलं. वरचा ०.३ हा आकडा वाचताना हे आठवावं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली, तेव्हा बेळगावही मुंबई इलाख्यात होतं. म्हैसूर संस्थानानं सरकारी केंद्रं उघडली १९३० साली. दोघांनीही लोकांना माहिती दिली, पकडून नेलं नाही. सीमाभागाला हा वारसा दोन्ही बाजूंनी मिळालाय.

### ‘त्यांची वाढतात, आपली घटतात’

धर्माबद्दल बोलायचं तर १९९२-९३च्या पाहणीत मुस्लिम बायकांचा जननदर ४.४ आणि हिंदू बायकांचा ३.३ होता. २०१९-२१ला २.४ आणि १.९. म्हणजे अंतर निम्म्यावर आलंय. घट दोघांत आहे, मुस्लिमांत जास्त वेगानं. मुलींचं शिक्षण आणि दवाखान्याचं अंतर ठरवतं तेवढं धर्म ठरवत नाही: त्याच पाहणीत बिहारचा दर ३.०, कर्नाटकाचा १.७.

मराठीच्या टक्क्याची काळजी मात्र वेगळी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत कागदपत्रं मिळण्यासाठी वस्तीच्या १५ टक्क्यांचा निकष वापरला जातो. पण तो टक्का पाळण्यात ठरत नाही. तो जनगणनेच्या मातृभाषेच्या रकान्यात, पुण्याला जाणाऱ्या बसमध्ये आणि इंग्रजी शाळेच्या प्रवेश अर्जावर ठरतो. मातृभाषा प्रत्येक माणसाची स्वतंत्र नोंदली जाते, कुटुंबाची एक नाही. प्रगणक मराठी बोलतोय की कन्नड, यावरून ती गृहीत धरू देऊ नये. आपण सांगू तेच लिहिलं गेलं का, पाहावं. तिसऱ्या मुलापेक्षा हे पाच मिनिटांचं काम जास्त उपयोगाचं.

खासदारांच्या जागांचं भय दक्षिणेत खरं आहे. लोकसभेच्या राज्यवार जागा १९७१च्या जनगणनेवर गोठवल्या आहेत आणि ८४व्या घटनादुरुस्तीनं ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. ज्यांनी जननदर आधी उतरवला त्यांनी जागा गमवाव्यात का, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि तो संसदेत सुटायचा. आंध्रच्या मुख्यमंत्र्यांनी २०२४ साली जास्त मुलांचं आवाहन केलं त्यामागे हे भय आणि म्हाताऱ्यांची वाढती संख्या दोन्ही आहेत. पण आज जन्मलेलं मूल मतदार व्हायला अठरा वर्षं लागतात, आणि तोवर त्याला दूध, शाळा, दवाखाना आईबापांनाच पुरवावा लागतो.

### वर्षाअखेरीस काय मोजायचं

‘यंदा गावात जन्म घटले’ हे यश मानू नये. हजार वस्तीच्या गावात वर्षाला पंधरा-सोळा बाळं जन्मतात. एका वर्षी बारा आणि पुढच्या वर्षी एकोणीस, हा निव्वळ योगायोग असू शकतो. त्यापेक्षा तायी कार्डांवरून पहिल्या बाळंतपणाचं सरासरी वय काढावं, दुसऱ्या बाळंतपणांत तीन वर्षांचं अंतर किती जणींनी राखलं ते पाहावं, आणि नसबंदी केलेल्या पुरुषांपैकी तीन महिन्यांची तपासणी किती जणांनी पूर्ण केली ते लिहावं. मुला-मुलींचं प्रमाण तर एका गावाच्या एका वर्षावरून मुळीच काढू नये: पंधरात नऊ मुलगे आणि सहा मुली असणं अगदी स्वाभाविक आहे. शेजारची पाच-सहा गावं आणि पाच वर्षं एकत्र धरली, चार-पाचशे जन्मांची यादी झाली, आणि तरीही मुली बऱ्याच कमी निघाल्या, तर मग सोनोग्राफीची चौकशी मागायला ते कारण पुरेसं आहे.